घुंगरं घोड्याची आहेत, गुलामांची नव्हेत

आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला आणि तेवढ्यावर न थांबता नातवाला शाळेच्या गॅदरिंगमधल्या ‘जिंगल बेल्स’च्या नाचातून काढायला लावलं. पोरगं हिरमुसून बसलंय. मेसेजचं म्हणणं असं: गाण्यातल्या घंटा म्हणजे पळून जाऊ नयेत म्हणून गुलामांच्या गळ्यात अडकवलेल्या घंटा, गाणं रचणारा गुलामगिरीचा पाठीराखा, हे गाणं म्हणजे येशूची प्रार्थना, आणि ते १८५० साली चर्चमधल्या मुलांसाठी लिहिलं गेलं. शेवटी ‘प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा’. आत्या, पोहोचवण्याआधी गाण्याचे शब्द तरी वाचायचेस गं!

शब्दांत आहे काय? एक तरुण एका घोड्याची उघडी स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरणारी गाडी, घेऊन बर्फात भटकायला निघतो. शेजारी फॅनी ब्राइट नावाची मुलगी. घोडा मरतुकडा, तो बर्फाच्या ढिगाऱ्यात घुसतो आणि गाडी उलटते. शेवटच्या कडव्यात सल्ला असा, की तरुण आहात तोवर मुलींना घेऊन फिरा आणि मैलभर अंतर २ मिनिटं ४० सेकंदांत कापणारा घोडा घ्या. घंटा वाजतात त्या या घोड्याच्या साजावर.

त्या तिथे का असतात, हेही समजून घ्या. चाकाची गाडी लांबूनच खडखडते. स्लेजला चाकंच नाहीत. तिच्या पट्ट्या बर्फावरून जवळजवळ आवाज न करता घसरतात, आणि वेगात असली की ती चटकन थांबतही नाही. वळणापलीकडच्या माणसाला ती येतेय हे कळणार कसं? म्हणून घोड्याच्या पट्ट्याला घुंगरं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात, प्रकरण ८९, कलम ३ मध्ये, घोड्याच्या स्लेजला किमान तीन घंटा हव्यातच असं लिहिलेलं आहे. कनेक्टिकटच्या ईस्ट हॅम्प्टनमध्ये विल्यम बार्टनने १८०८ साली हीच घुंगरं बनवायला घेतली आणि पुढे त्या गावाची ओळखच घंटांचं गाव अशी झाली.

गुलामांच्या गळ्यात घंटा लावलेले लोखंडी पट्टे घालत, हे क्रौर्य खरोखर घडलेलं आहे. म्हणूनच ते भलत्या गाण्याला चिकटवलेलं मला जास्त खुपतं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेने हे गाणं वगळलं, तेव्हाही हाच संबंध पुढे केला गेला. या गाण्याच्या इतिहासावर सगळ्यात पक्कं काम बोस्टन विद्यापीठाच्या काइना हॅमिल यांचं आहे. आपल्या संशोधनात असा कुठलाही संबंध आढळला नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं.

आता दुसरा मुद्दा, गाणं रचणाऱ्याचा. इथे थोडं मान्य करावंच लागेल. हॅमिल यांच्याच २०१७ च्या लेखानुसार हे गाणं १५ सप्टेंबर १८५७ रोजी बोस्टनच्या ऑर्डवे हॉलमध्ये जॉनी पेलने गायलं, आणि तो कार्यक्रम होता गोऱ्यांनी तोंडं काळी करून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याचा. रचणारा जेम्स पियरपॉन्ट अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने गेला, त्यांच्यासाठी गाणी लिहिली. त्याचे वडील मात्र गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. मुलांना मोठी झाल्यावर हे जरूर सांगा. पण यातून घोड्याची घुंगरं माणसाच्या गळ्यात जात नाहीत.

प्रार्थनेचं म्हणाल, तर गाण्यात येशू नाही, चर्च नाही, नाताळचं नावसुद्धा नाही. नाताळशी त्याची जोडी नंतर जमली, केवळ बर्फामुळे.

राहिलं १८५०. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावात हे साल सांगणारी पाटी आहे खरी, पण अमेरिकेच्याच जॉर्जिया राज्यातल्या सव्हानामध्येही ‘गाणं आमचं’ म्हणणारी पाटी आहे. कागदावर सापडते ती १८५७ सालची बोस्टनची छापील प्रत, आणि तिच्यावर नाव आहे ‘वन हॉर्स ओपन स्ले’.