बडी हॉलीच्या विमानात गोळी सुटली नव्हती

पुतणीच्या गिटार क्लासचं गॅदरिंग आहे आणि निवेदन तिच्याकडे आलंय. तिने मला वाचायला पाठवलेला मजकूर म्हणजे सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरणारा तोच फॉरवर्ड, 'रॉक अँड रोलचा शापित राजकुमार'. त्याचं म्हणणं असं: टेक्सासचा गायक-गिटारवादक बडी हॉली एका गाण्याचा धनी, 'अमेरिकन पाय' नावाच्या त्याच्या विमानात गोळीबार झाला आणि ते कोसळलं, बाविसाव्या वर्षी गेला म्हणूनच अमर झाला, आणि जगला असता तर बीटल्सना कुणी विचारलंही नसतं. इतक्या थोड्या ओळींत इतकं असत्य कोंबायलाही अंगी काही असावं लागतं.

विमानाचं नाव आधी उरकतो. ते भाड्याचं बीचक्राफ्ट बोनान्झा होतं. त्याला नोंदणी क्रमांक होता, नाव नव्हतं. अपघात ३ फेब्रुवारी १९५९ चा, 'अमेरिकन पाय' हे त्याच अपघातावर डॉन मॅक्लीनने केलेलं गाणं, तेही १९७१ चं. पुढचं तुम्हीच ताडा.

गोळीबाराच्या मुद्द्यावर मात्र डोकं फिरतं, कारण त्यात मेलेल्या चौघांपैकी कुणावर तरी खुनाचा आळ येतो. या कंडीला आधार काय, तर हॉलीजवळ एक छोटं पिस्तूल असे आणि ते नंतर, बर्फ वितळल्यावर, अपघाताच्या शेतात सापडलं. बस्स. अमेरिकेच्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने या अपघाताची रीतसर चौकशी केली आणि सप्टेंबर १९५९ मध्ये अहवाल दिला. हा अहवाल नेटवर फुकट वाचायला मिळतो. फॉरवर्ड टाइप करण्यापेक्षा कमी वेळात वाचून होतो. पायलट रॉजर पीटरसन २१ वर्षांचा. केवळ उपकरणांच्या भरवशावर उडायचं प्रमाणपत्र त्याच्याकडे नव्हतं. त्या रात्री एकच्या सुमारास तो आयोवातल्या मेसन सिटीहून निघाला, तेव्हा हिमवर्षाव आणि अंधारात क्षितिज दिसणं शक्यच नव्हतं. पुढच्या वाटेवरच्या खराब हवामानाचे इशारे त्याला कुणी दिलेच नव्हते. त्यातून विमानाचा कल दाखवणारा स्पेरी कंपनीचा जायरो त्याच्या सवयीचा नव्हता: नाक वर की खाली हे तो नेहमीच्या उपकरणाच्या नेमकं उलट दाखवायचा. आपण चढतोय असं वाटत असताना पोरगा विमान खाली नेत असणार. दहा किलोमीटरही न जाता ते शेतात आदळलं. २००७ मध्ये सहप्रवासी जे. पी. रिचर्डसनच्या मुलाने वडिलांचे अवशेष उकरून न्यायवैद्यक तज्ज्ञ बिल बास यांच्याकडून तपासून घेतले. गोळीची खूण नाही; हाडांचा चुराडा, मृत्यू जागच्या जागी. मुलाला एवढं करावं लागलं ते असल्याच अफवांपायी.

एका गाण्याचा धनी? 'दॅट्ल बी द डे' १९५७ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्याच वर्षी 'पेगी सू'ही पहिल्या पाचांत. 'एव्हरीडे' ऐका: त्यात ड्रम नाहीतच, त्याचा ड्रमर जेरी ॲलिसन स्वतःच्या मांड्यांवर थापा मारतोय आणि वर सेलेस्टा या कीबोर्डाची नाजूक किणकिण. हे न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिससारख्या आडगावच्या स्टुडिओत चाललं होतं.

आता, नाइलाजाने का होईना, एक मान्य करतो. १९५८ संपता संपता अमेरिकेत त्याच्या रेकॉर्ड थंडावल्या होत्या; 'हार्टबीट' यादीत तळाशीच घुटमळलं. मॅनेजर नॉर्मन पेटीशी फाटलं होतं आणि पैसे तिकडेच अडकले होते. म्हणून तर भर थंडीत तो असला दौरा पत्करून बसला. बसचा हीटर बंद पडलेला. ड्रमरचे पाय गारठून त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि त्या बसला कंटाळूनच विमान ठरलं. तेव्हा मृत्यूने त्याची विक्री वाढवली, हे खरं.

पण अमर केलं? लिव्हरपूलच्या क्वारीमेन या पोरांनी १९५८ मध्ये पदरचे पैसे घालून पहिली तबकडी कापून घेतली, तिच्या एका बाजूला 'दॅट्ल बी द डे' आहे. हॉली तेव्हा जिवंत होता. हीच पोरं पुढे बीटल्स झाली, नावातला किडासुद्धा हॉलीच्या 'क्रिकेट्स' (म्हणजे रातकिडे) या बँडवरून सुचलेला. त्याच्यामुळे बीटल्स अडले नसते हो, त्याच्यामुळेच उभे राहिले. अपघाताच्या तीन रात्री आधी ड्युलुथला तो गात होता तेव्हा प्रेक्षकांत सतरा वर्षांचा बॉब डिलन होता. नोबेलच्या भाषणात त्याने सुरुवातच हॉलीपासून केली.

राहता राहिलं 'जगला असता तर'. उसासे कशाला टाकायचे? ऑक्टोबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कला व्हायोलिनच्या ताफ्यासोबत त्याने 'ट्रू लव्ह वेज' ध्वनिमुद्रित केलं. त्यात रॉक अँड रोल औषधालाही नाही. पुढे कंट्री संगीतात गाजलेल्या वेलन जेनिंग्जची पहिली रेकॉर्डही त्यानेच काढून दिली. आणि ग्रीनिच व्हिलेजमधल्या घरात शेवटच्या काही आठवड्यांत, फक्त गिटार घेऊन, नवी गाणी टेपवर घालून ठेवली. त्यावर इतरांनी नंतर कोरस नि ड्रम चिकटवून रेकॉर्डी विकल्या. मूळ टेपही मिळतात. त्याच ऐकाव्यात, चिकटवलेल्या ऐकून हॉली पुढे कुठे निघाला होता, याचा पत्ता लागत नाही.