जाताना साडेतीन तास, येताना साडेसहा?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे मुक्कामाचे ठिकाण आपणहून सरकत येते आणि पूर्वेला जाणाऱ्याला मात्र पळत्या जमिनीचा पाठलाग करावा लागतो, असा दावा मोबाइलवरून सतत फिरत असतो. पुरावा म्हणून चिलीतील सांतियागो आणि त्याच्या पश्चिमेला सुमारे ३,७५० किलोमीटरवर, भर पॅसिफिकमध्ये असलेले ईस्टर बेट यांच्यामधल्या विमानाचे तिकीट दाखवले जाते: जाताना साडेतीन तास, येताना साडेसहा.

तिकिटावरील वेळा खऱ्या असतात, वाचण्यात चूक होते. समजा, सांतियागोहून सकाळी ९.३० ला सुटलेले विमान बेटावरील मातावेरी विमानतळावर दुपारी १ वाजता उतरले. दोन्ही वेळा आपापल्या ठिकाणच्या आहेत आणि बेटाचे घड्याळ सांतियागोच्या दोन तास मागे असते, म्हणजे प्रवास झाला साडेपाच तासांचा. परतीला दुपारी २ ला निघून रात्री ८.३० ला पोहोचलेले विमान प्रत्यक्षात साडेचारच तास प्रवासात होते. म्हणजे दाव्याच्या नेमके उलट: वेळ पश्चिमेला जातानाच जास्त लागतो.

आता जमीन सरकण्याचा मुद्दा. या अक्षांशांवर भूपृष्ठ ताशी सुमारे १,४०० ते १,५०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. हवा त्याबरोबर फिरत नसती, तर ताशी ८५० किलोमीटरने उडणारे विमान दोन तासांच्या आत बेटावर आले असते आणि परतीचे विमान सांतियागोला कधी पोहोचलेच नसते. (आणि धावपट्टीवर उभ्या माणसाला ताशी १,४०० किलोमीटरचा वारा सोसावा लागला असता, ते वेगळेच.) विमान ज्या हवेत उडते ती हवा जमिनीबरोबरच फिरत असते.

मग तासाभराचा फरक येतो कुठून? वाऱ्यामुळे. या पट्ट्यात विमानांच्या उंचीवर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ताशी ८० किलोमीटरचा वारा धरला, तर जमिनीच्या मानाने विमानाचा वेग जाताना ७७० आणि येताना ९३० होतो, म्हणजे अनुक्रमे सुमारे ४ तास ५२ मिनिटे आणि ४ तास २ मिनिटे. एवढ्यानेच पन्नास मिनिटांचा फरक पडतो.

अंतराला ९०० ने भागून ‘सव्वाचार तासही लागत नाहीत, उरलेला वेळ कंपनी फुगवून सांगते’ असेही कुणी जोडतात. वेळापत्रकातील वेळ विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते; धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे आणि उतरणे यांत पूर्ण वेग कधीच नसतो. दुर्गम बेटाची धावपट्टी आखूड, म्हणून विमाने धीमी, हाही तर्क टिकत नाही: नासाच्या अंतराळयानाला अडचणीच्या वेळी उतरता यावे म्हणून मातावेरीची धावपट्टी १९८०च्या दशकात वाढवण्यात आली आणि ती ३.३ किलोमीटर लांब आहे.

पृथ्वीच्या फिरण्याचा यात काहीच हात नाही, असे मात्र म्हणता येणार नाही, कारण विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा पूर्वेकडे वळते ती या फिरण्यामुळेच. पण परिणाम विमानापर्यंत पोहोचतो तो वाऱ्यातून, आणि हा वारा रोज सारखा नसतो: दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यात तो जोर धरतो आणि दोन फेऱ्यांमधला फरक वाढतो, पृथ्वीचा वेग मात्र त्या महिन्यांतही होता तेवढाच राहतो.