इमारत ३० वर्षांची झाली म्हणजे पाडायचीच?

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी द्यायला साफ नकार दिला. कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: ‘३० वर्षं झाली की पुनर्विकास सक्तीचा. ऑडिटची नोटीस म्हणजे पाडण्याची नोटीस. दुरुस्तीवर पैसे घालवू नका. ५१ टक्के झाले की सही न करणाऱ्याचं घर जातं.’

३० वर्षांचा मुद्दा तेवढा खरा, तोही अर्धा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे अशा इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी, म्हणजेच ऑडिट, करून घ्यावी लागते, त्याने सुचवलेली दुरुस्ती करावी लागते आणि दाखला पालिकेत द्यावा लागतो. पाडा असं त्यात कुठे आहे? ऑडिटनंतर वर्ग ठरतो. सी-१ अतिधोकादायक, ती रिकामी करून पाडायची. सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी लोक राहत असतानाच, आणि सी-३ ला किरकोळ डागडुजी पुरते. दुरुस्ती आणि पुनर्विकास एकच समजणाऱ्याने हे चार वर्ग एकदा तरी वाचावेत.

मला खरा संताप येतो तो ‘पैसे घालवू नका’ याचा. मावशीच्या बाथरूमच्या छताचं प्लास्टर सुटलंय. आतली सळई उघडी पडलीय, तांबडी, पापुद्रे निघालेली. पाणी मुरलं की सळई गंजते, गंज फुगतो आणि भोवतालचं काँक्रीट फोडतो, मग त्या भेगेतून आणखी पाणी. इकडे पुनर्विकासाचं बोलणं निघाल्यापासून बिल्डर नेमणं, करार, परवानग्या यांत वर्षं जातात. तेवढे सगळे पावसाळे त्या छताखाली कोण काढणार आहे? मेसेज लिहिणारा तर नक्कीच नाही!

राहिले ५१ टक्के. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाला संमती सोसायटीच्या एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची लागते, सभेला आलेल्यांपैकी नव्हे, आणि सभेला दोन-तृतीयांश सभासद हजर हवेत. बिल्डर निवडण्याच्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्रतिनिधीही बसतो. बहुमताने ठरल्यावर एकट्यादुकट्याला काम अडवून धरता येत नाही, घर रिकामं करावं लागतं, हे मान्य. पण सही केली नाही म्हणून नव्या इमारतीतली हक्काची जागा बुडत नाही.

सभासद म्हणून ऑडिट अहवालाची प्रत मागून घ्या आणि वर्ग बघा. सी-२बी किंवा सी-३ असेल तर गच्चीचं काम जूनच्या आत उरका.