रील बघता येतं, म्हणून मोबाईलवर शिकताही येतं?

‘आजची पोरं मोबाईल हातात घेऊनच जन्मली. अभ्यासक्रम ॲपवर टाका, ती शिकतील. नाही शिकली तर तो आळस.’ असा मजकूर सध्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतोय. त्यातले दावे एकेक करून पाहू.

‘मोबाईल त्यांना सहज वापरता येतो.’ येतो की. पण लोक नवं तंत्रज्ञान का वापरतात यावरच्या फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या अभ्यासात प्रत्यक्ष वापराचं नातं सोपेपणापेक्षा उपयुक्ततेशी जास्त घट्ट दिसलं. परीक्षा कागदावर, दीर्घोत्तरी. आणि ॲपवर मात्र चार पर्यायांचे प्रश्न. मग ‘याने गुण वाढतील का?’ याचं उत्तर विद्यार्थी स्वतःच देतो. त्याच ॲपवर दहा गुणांचं नमुना उत्तर, गुणविभागणीसकट टाकलं तर ते उघडायला निदान कारण तरी मिळतं.

‘डेटा स्वस्त आहे.’ सेकंदाला १ मेगाबिट दराने चालणारा तासाभराचा व्हिडिओ ४५० एमबी खातो. अशा चार तासिका म्हणजे १.८ जीबी, रोजच्या दीड जीबीचा पॅक तिथेच संपला. तेच व्याख्यान ६४ किलोबिटच्या ध्वनिफितीत २९ एमबीत बसतं. फळ्यावरच्या आकृत्यांची पीडीएफ सोबत दिली की बरंचसं भागतं.

‘सक्ती करा, सवय लागेल.’ लोक तंत्रज्ञान का स्वीकारतात हे मांडणाऱ्या, व्यंकटेश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रारूपात इतरांच्या दबावाचा परिणाम सक्तीच्या ठिकाणी दिसला खरा, पण अनुभव वाढत गेला तसा तो ओसरला. हजेरीपुरता व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवता येतो, हे सांगायला प्रारूपही नको.

‘मोबाईलवर शिकाल का, या सर्वेक्षणात बहुतेकांनी होकार दिला.’ खरी मेख इथे आहे. गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवला की ज्याच्याकडे स्वतःचा फोन नाही तो मोजणीतून आधीच गळतो. विषयशिक्षकानेच फॉर्म पाठवून हजेरी क्रमांक मागितला, तर ‘पूर्ण असहमत’वर कोण टिचकी मारणार? शिवाय ‘मी वापरेन’ हा इरादा झाला, वापर नव्हे. क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नावलीची विश्वासार्हता मोजणारा आकडा, ०.७ च्या वर गेला की निर्धास्त होणारेही असतात; तो आकडा प्रश्न एकमेकांशी किती जुळतात एवढंच सांगतो, उत्तरं खरी आहेत का ते नाही.

त्यापेक्षा फॉर्म निनावी ठेवा, वर्गात कागदावर भरून घ्या. सहा आठवड्यांनी ॲपच्या नोंदी काढा : कितीजणांनी उघडलं, व्हिडिओ कितव्या मिनिटाला सोडला, किती वाजता. काहीजण रात्री अकरानंतरच उघडत असतील, तर घरातला फोन तेव्हाच मोकळा होतो का, हे आधी विचारा. आळसाचं मग बघू.