घरातली खाट कधी बदलायची, हे विचारायचं कोणाला?

मागच्या दिवाळीआधी घराला रंग देणं सुरू होतं. आईच्या खोलीत काम चालू असताना पेंटर पोरानं मला हाक मारली. "भाऊ, हा डाग कायचा हाये? दोन हात मारले, तरी वरतेच येऊन राह्यला."

जाऊन पाहिलं. कमरेच्या जरा खाली, तळहाताएवढा काळपट तेलकट डाग. मधोमध भिंत गुळगुळीत झालेली, कडेला बोटांच्या पुसट खुणा. बरोबर त्याच्या खाली आईची बाज असते. रंगासाठी बाज बाहेर काढली होती म्हणून तो डाग एकटा दिसला, नाहीतर रोज डोळ्यांसमोर असून मी कधी पाहिला नव्हता. आई उठताना तिथं हात टेकते. पहाटे, दुपारच्या झोपेनंतर, रात्री दोन-तीनदा. बाजेची नवार मधून इतकी खाली गेली होती की बसलं की गुडघे छातीपाशी येत. भिंतीला रेटा दिल्याशिवाय तिला उठताच येत नव्हतं.

"माय, कधीपासून असं उठतं?"

"तुह्या बाबाचं ऑपरेशन झालं ना, त्या सालापासून असंन."

म्हणजे 7 वर्षं. या 7 वर्षांत आमच्या घरात नवीन फर्निचर आलंच नाही, असं असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती. आलं होतं. आईसाठी आलं नव्हतं.

आमच्या समोरच्या खोलीत आजोबांच्या काळचा सागाचा तखत होता. सहा बाय चारचा, पाय मनगटापेक्षा जाड, फळ्या दीड इंची. त्यावर आजोबा झोपले, आम्ही भावंडं अभ्यासाला बसलो, भागवत सप्ताहात बुवांची बैठक झाली. बहिणीला पाहायला पाहुणे येणार ठरलं आणि घरात सगळ्यांना एकदम तो तखत जुनाट वाटायला लागला. पॉलिश उडालं होतं, एक पाय डुगडुगत होता. बदलायचा म्हणणाऱ्यांत मीच पुढे होतो. तालुक्याच्या दुकानातून 14 हजारांचा दिवाण आणला. चॉकलेटी सनमायका, खाली सामान ठेवायला पेटी, कोपऱ्यांना सोनेरी पट्टी. "लाकडाचाच आहे ना?" असं मी विचारलं होतं, दुकानदार "शंभर टक्के" म्हणाला होता. तखत गोठ्यात गेला आणि त्यावर सरकी ढेपेची पोती रचली गेली.

दुसऱ्या पावसाळ्यात आठ दिवसांची झड लागली. खिडकीतून आलेल्या पाण्यानं दिवाणाचा खालचा बोर्ड भिजला आणि भिजलेल्या टोस्टसारखा फुगला. सनमायका कडेनं सुटला. मग एक दिवस पेटीचं झाकण उघडलं तर बिजागरी स्क्रूसकट हातात आली, मागं मूठभर भुसा. गावातल्या वाढई काकाजींना, म्हणजे सुतारांना, बोलावलं. त्यांनी तो भुसा चिमटीत घेऊन चोळला आणि म्हणाले, "बापू, हे लाकूड नोहे. भुसा हाये, गोंदानं दाबून बसवलेला. याच्यात स्क्रू एकडाव ढिला झाला का मंग धरत नाही. मी काय दुरुस्त करू?"

त्या दुकानदाराला मी खोटारडा म्हणणार नाही. पार्टिकल बोर्ड लाकडाच्या चुऱ्याचाच असतो. पण विचारणाऱ्याला काय विचारायचं आहे, हे त्याला पक्कं कळलं होतं.

तर माझं म्हणणं असं की आपल्या विदर्भातल्या खेड्यांत फर्निचर बदलायचे मुहूर्त आहेत, कारणं नाहीत. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची वावरातली पूजा, होते, कापूस घरात येतो, विकला की हातात चार पैसे खेळतात आणि दिवाळी ते लग्नसराई या काळात वस्तू येतात. पाहुणे येणार म्हणून येतात. शेजाऱ्याकडे आल्या म्हणून येतात. पोरीच्या आंदणात सोफा, दिवाण, ड्रेसिंग टेबल आणि कपाट द्यावंच लागतं म्हणून येतात, मग तिच्या सासरी जागा असो की नसो. घरकुलाचं क्षेत्रफळ किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट, त्यातच स्वयंपाकाची जागा. अशा घरात आंदणातलं कपाट, सोफा आणि दिवाण मांडल्यावर माणसांनी सतरंजी कुठं टाकायची? मी अशी घरं पाहिली आहेत जिथं सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो आणि घरातली म्हातारी दारातल्या पायरीवर बसते, कारण सोफा इतका खोल आहे की त्यात बसली तर तिला उठता येत नाही.

या सगळ्यात ती वस्तू रोज वापरणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही. त्याची पाठ दुखते का, त्याला उठता येतं का, रात्री कूस बदलताना बाज कुरकुरते म्हणून तो जागा होतो का. माझ्या लेखी बदलायचं पहिलं कारण हेच, आणि हे कारण असेल तर मुहूर्ताची वाट पाहायची नाही. आईची नवार नव्यानं विणून घ्यायला फार पैसे लागले नसते. पायथ्याची दोरी ओढून ताणली असती तरी निम्मा त्रास गेला असता. सात वर्षं कोणी ओढली नाही, कारण त्या खोलीत पाहुणे जात नाहीत.

आणि आई बोलली नाही. आपल्याकडच्या बाया बोलत नाहीत. खत, बियाणं, फवारणी, पोरांची फी, दवाखाना, या यादीत स्वतःच्या खाटेचं नाव घालायला त्यांना लाज वाटते. "मले काय करायचं हाये नवी खाट, पडलं का झोप येते," असं ती म्हणते आणि आपण ते खरं मानतो, कारण ते मानणं आपल्या सोयीचं असतं. हे मी माझ्याबद्दलच सांगतो आहे.

दुसरी गोष्ट मी काकाजींकडून शिकलो. वस्तू ढिली झाली म्हणजे मेली असं नव्हे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, लाकूड वाळून आक्रसतं. जुलैत तेच लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं. दरवर्षी हे चालतं, मग सांधे हलणारच. डुगडुगणारा पाय बहुतेक वेळा खुंटी बदलून आणि पाचर मारून एका सकाळी सरळ होतो. काकाजी जुनी वस्तू पाहायला आले की आधी ती उलटी करतात. वरून पाहतच नाहीत. पायाच्या बुडाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबतात. घट्ट लागलं तर लाकूड शाबूत, लोण्यासारखं आत गेलं तर गेलं. मग बोटाच्या पेरानं ठोकत जातात. भरीव आवाज वेगळा, पोकळ आवाज वेगळा, आपल्यालाही दोनदा ऐकलं की कळतो. खाली पिठासारखा बारीक भुगा पडत असेल आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील तर भुंगेऱ्याची कीड. मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर उधई, म्हणजे वाळवी. उधई लागलेलं लाकूड वरून अखंड दिसतं आणि आतून वहीच्या पानांसारखं झालेलं असतं. अशी वस्तू दया न करता घराबाहेर काढायची, नाहीतर उधई शेजारच्या चौकटीत जाते.

यात आपली एक चूक सांगतो. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी उपटून आणतो आणि जळणासाठी घराच्या भिंतीला टेकवून रचतो. वर्षभर ती तिथंच. मातीला टेकलेलं वाळकं लाकूड आणि वर सावली, उधईला याहून चांगलं आवतण नाही. मग घरातलं कपाट खाल्लं की नशिबाला बोल. पऱ्हाटी भिंतीपासून दूर, चार दगडांवर रचली तरी पुष्कळ फरक पडतो.

सागाबद्दल मी थोडं जास्त बोलेन, कारण आपण सागाच्या मुलखात राहतो आणि त्याची किंमत आपल्यालाच राहिलेली नाही. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी साग आपल्या बल्लारपूरहून गेला. दिल्लीच्या नव्या संसद भवनातल्या लाकूडकामासाठी साग नागपूरहून गेला. आणि आपण आजोबांचा सागाचा तखत गोठ्यात टाकून भुशाचा दिवाण घरात घेतो. आज असं लाकूड घ्यायला जा, भाव ऐकूनच परत याल. स्वतःच्या वावरातलं सागाचं झाड तोडायलाही 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं वनखात्याची परवानगी लागते, वाहून न्यायला टीपी, म्हणजे वाहतूक परवाना, लागतो. ते लाकूड घरात आयतं असताना टाकून द्यायचं? पण सगळा साग सारखा नसतो, हेही सांगतो. गाभ्याचं तपकिरी लाकूड उधई सहसा खात नाही, बाहेरचा पांढरा भाग मात्र सहज खाते. स्वस्त सागाच्या वस्तूत पांढरं लाकूड पॉलिशखाली लपलेलं असतं. घेताना खालची, पॉलिश न केलेली बाजू पाहा.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. प्लास्टिकच्या खुर्चीत जीव गुंतवू नका. अंगणात उन्हात राहिलेल्या खुर्चीवरून हात फिरवा, हाताला पांढरी भुकटी लागली की ती खुर्ची संपली. ऊन प्लास्टिक ठिसूळ करतं आणि ती मोडते तेव्हा सांगून मोडत नाही, जड माणूस बसल्यावर एकदम पाय फाकतो. आमच्या गावात तेरवीच्या पंगतीत एक काकाजी असे पडले आणि मनगट मोडलं. लोखंडी कपाट सहसा बुडाकडून गंजतं, कारण आपण फरशी ओल्या कापडानं पुसतो आणि कपाट जमिनीला टेकलेलं असतं. खाली चार लाकडी ठोकळे द्या. बूड गंजलं असेल तर वेल्डिंगवाल्याकडून नवीन पत्रा लावून घ्या. जुन्या कपाटाचा पत्रा आजच्या पुष्कळ कपाटांपेक्षा जाड असतो. नवीन घ्यायचंच असेल तर गेज, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, विचारा, आणि 22 पेक्षा 20 जाड, हे लक्षात ठेवा, आकड्यात इथं उलटा हिशेब आहे.

गादीवर मात्र मला राग येतो. कापूस पिकवणारी आपण माणसं, आणि घरोघरी फोमच्या गाद्या. पाच-सहा वर्षांत मध्ये खड्डा पडतो आणि मग तिचं काहीच करता येत नाही, उकिरड्यावर जाते. कापसाच्या गादीत गुठळ्या झाल्या तर पिंजून, ऊन दाखवून तीच गादी पुन्हा भरता येते. पिंजारी आता गावात फिरत नाहीत, तालुक्याला न्यावी लागते, हे कबूल. तरी मी नेतो.

तर दिवाळीच्या त्या आठवड्यात मी ढेपेची पोती उतरवली आणि तखत बाहेर काढला. वर शेणाचे डाग, धूळ, एका कोपऱ्याला बैलानं शिंग घासलेलं. काकाजींनी नेहमीसारखा आधी उलटा केला, ठोकत ठोकत चारही पाय तपासले. एका पायाचं बूड तेवढं ओलीनं गेलं होतं, ते दोन इंच कापायचं ठरलं. मग त्यांनी एका फळीवर रंधा मारला. पहिले चार-पाच हात काळा कीस निघाला, आणि नंतर एकदम मधासारखा रंग वर आला, सागाचा तो वास अंगणभर पसरला. बाबा ओसरीवरून उठून आले आणि काही न बोलता त्या फळीवर हात फिरवत उभे राहिले.

उंची किती ठेवायची म्हणून मी मोबाईलवर पाहायला लागलो, तर काकाजींनी आईला बोलावलं. "वहिनी, या खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर टेकवा." जमिनीपासून तिच्या गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंत सुतळी धरली आणि तिथं गाठ मारली. साडेसोळा इंच. "गादी दबल्यावर याच्याहून दोन इंच वरते पायजे. गुडघा खाली, कंबर वरते, मंग माणूस हात न टेकता उठते." पायांना खालून ठोकळे जोडून, खुंट्या मारून त्यांनी ती उंची बसवली. मजुरी, पॉलिश, खुंट्या सगळं धरून 3,200 रुपये लागले. 14 हजारांच्या दिवाणाचं आता जळणसुद्धा होत नाही, कारण गोंदाचा धूर चुलीत घालायचा नाही असं काकाजींनी बजावलं आहे.

आई पहिल्या दिवशी तखतावर बसायलाच तयार नव्हती. "एवढं कायले केलं माह्यासाठी." तिसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम जागा होतो. ती उठली, सवयीनं हात भिंतीकडे गेला, आणि भिंत हाताला लागायच्या आधीच ती उभी होती. क्षणभर तशीच थांबली, मग चुलीकडे गेली.

डागावर पेंटरनं प्रायमर मारून तिसरा हात दिला.

बाबांची लाकडी खुर्ची बाकी आहे. तिच्यावर बसून बूट काढताना ते दात आवळतात, हे आता मला दिसायला लागलं आहे. विचारलं तर "मले काही होत नाही" एवढंच उत्तर मिळतं. काल ते वावरात गेल्यावर मी टेप लावून मोजून ठेवली, बैठक 14 इंच भरली. काकाजी बुधवारी येतो म्हणाले आहेत.