सेक्शन ४२ आणि पोहे

लंडनला फ्लॅट घेतला असं आपण नातेवाईकांना सांगतो, ते पेढे मागतात, आणि नक्की काय घेतलं हे कुणी विचारत नाही ते बरंच आहे. कारण घेतलेली असतात फक्त वर्षं. जमीन, जिना, छप्पर सगळं फ्रीहोल्डरचं, म्हणजे मूळ मालकाचं (आमच्याकडे तो माणूसही नाही, कंपनी आहे, आणि तिचा पत्ता म्हणजे दुसऱ्या कंपनीचा पत्ता), आपण मुदत असेपर्यंत आत राहायचं. इंग्लंड-वेल्समध्ये बहुतेक फ्लॅट असेच. स्कॉटलंडमध्ये ही भानगड नाही, आणि ऑफिसमधले स्कॉटिश लोक हे आठवणीने सांगतात.

आमची बिल्डिंग २००५ ची, लीज ९९ वर्षांचं. म्हणजे २०२४ सरता सरता शिल्लक ८० च्या खाली जाणार होतं. आता ऐंशी वर्षं काय कमी आहेत का, माझी स्वतःची तेवढी शिल्लक नाहीत, पण इथल्या कायद्याचं सगळं गणित त्या ऐंशीवर अडलेलं. ऐंशीच्या वर असताना मुदत वाढवली तर फ्रीहोल्डरचं बुडणारं ग्राउंड रेंट (जमिनीचं वार्षिक भाडं) अधिक ऐंशी वर्षांनी त्याला फ्लॅट परत मिळाला असता त्याची आजची किंमत, एवढंच द्यायचं. एक दिवस खाली घसरलात की त्यात मॅरेज व्हॅल्यू येते. म्हणजे लीज वाढल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढेल तिच्यातला अर्धा हिस्सा फ्रीहोल्डरचा, ज्याने या सगळ्यात कधी जिन्यातला बल्बसुद्धा वेळेवर बदललेला नाही.

गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत विषय निघाला आणि मग काय, प्रत्येकजण वकील. एक गट म्हणे थांब. मे २०२४ मध्ये नवीन कायदा पास झालाय, मॅरेज व्हॅल्यू रद्द, मुदतवाढ ९० च्या जागी ९९० वर्षांची मिळणार, आत्ता करणारा वेडा. नऊशे नव्वद! अंबरनाथचं शिवमंदिर इसवी सन १०६० चं, त्यालासुद्धा अजून एवढी झाली नाहीत. दुसरा गट म्हणे पास झालाय पण ती कलमं लागू कुठे झालीत, तू वाट बघत बसशील आणि ८० होऊन जाईल. मोदक खाता खाता मी दोन्ही बाजूंना मान डोलावली. माझा निर्णय झाला तो एका काकांमुळे, त्यांनी सांगितलं की मुदतवाढीचा हक्क देणारा मूळ कायदा १९९३ चा, आणि तेव्हा ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर, लंडनच्या मेफेअर-बेलग्रेव्हिया या श्रीमंत वस्त्यांचे जमीनदार, रागावून हुजूर पक्षातून बाहेर पडले होते. ड्यूकला एवढा राग आला म्हणजे कायद्यात आपल्यासाठी काहीतरी असणारच.

तर सेक्शन ४२ ची नोटीस, म्हणजे त्या १९९३ च्या कायद्याखाली मुदतवाढीची रीतसर मागणी. ती ज्या तारखेला दिली ती तारीख हिशोबाला धरतात, त्यामुळे ऐंशीच्या खाली जायच्या आत द्यायचीच होती. सॉलिसिटर माझा, त्याचं बिल माझं. व्हॅल्युअर, म्हणजे किंमत काढणारा, माझा, त्याचंही बिल माझं. इथवर ठीक. पण फ्रीहोल्डरच्या सॉलिसिटरचा आणि व्हॅल्युअरचा वाजवी खर्चसुद्धा मीच द्यायचा, असं कायदाच म्हणतो. जुन्या लग्नांत मुलीच्या बापाने दोन्हीकडच्या पंगती उठवायच्या, तसं. वाजवी म्हणजे किती हे विचारलं, तर त्या ईमेलचंही बिल आलं.

मग त्यांचा व्हॅल्युअर घर बघायला येणार असं कळलं. इथे नीट लक्ष द्या, फ्लॅटची किंमत जितकी कमी लागेल तितके माझे पैसे कमी जाणार, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा घर भिकार दिसणं फायद्याचं होतं. मी बाथरूममधली ओल झाकणारं कॅलेंडर काढून ठेवलं, हॉलमध्ये सुटकेस आडव्या टाकल्या, ओल्या कपड्यांचा स्टँड बरोब्बर खिडकीसमोर उभा केला. बायको बाहेरून आली आणि तिने एक शब्द न बोलता सगळं उचललं, पडदे बदलले, फरशी पुसली, वर पोहे. "कुणीतरी आपल्या घरी येतंय आणि तू पसारा दाखवणार?" अगं तो पाहुणा नाहीये, तो समोरच्या पार्टीचा माणूस आहे. "असू दे, दारात आलेला माणूस आहे." आमच्या व्हॅल्युअरने आधीच सांगून ठेवलं होतं की आम्ही स्वखर्चाने केलेलं नवीन किचन हिशोबात धरत नाहीत, त्यामुळे तिने तेही घासून चकचकीत केलं, धरत नाहीत ना मग झालं तर.

साहेब आले, लेझरच्या यंत्राने भिंती मोजल्या, पोहे नको म्हणाले, चहा घेतला, आणि खिडकीशी उभे राहून म्हणाले की घरात उजेड फार छान आहे. मी घाईघाईने सांगितलं की हे ऊन आजच पडलंय, एरवी लंडन आहे. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

नोटिशीत आम्ही ९,००० पाउंड म्हटलं होतं. काउंटर नोटीस आली त्यात २४,५००. मी हादरलो, पण आमचा व्हॅल्युअर खूश, म्हणाला हक्क मान्य केलाय, आता नुसता भाव करायचा. मंडईत वाढलेल्या माणसाला भाव करायचं काय सांगतो, पण इथे आपण मध्ये बोलायचंच नसतं. ते दोघे एकमेकांना ईमेल करणार, आणि महिनोन्महिने करणारही नाहीत. काउंटर नोटिशीपासून सहा महिन्यांत ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) अर्ज गेला नाही तर सगळं बाद, वर पुढची नोटीस द्यायला वर्षभर थांबायचं, म्हणून आमच्या सॉलिसिटरने शेवटी अर्ज टाकला, आणि काय आश्चर्य, आठवडाभरात समोरून फोन. १४,००० च्या थोडं वर मिटलं.

आता लीज २१९४ पर्यंत. ग्राउंड रेंट शून्य. सर्व्हिस चार्ज मात्र वाढून आला, जिन्यातला बल्ब आहे तसाच.

आईला फोन करून सगळं सांगितलं तर ती म्हणाली यात विशेष काय, आपली वाशीची जमीनपण सिडकोची, लीजवरच, साठ वर्षांच्या. मी विचारलं कधीपासून? म्हणाली १९८४ ला ताबा मिळाला, तू पोटात होतास. मी बोटं मोजली. म्हटलं आई, म्हणजे एकोणीस वर्षं राहिली! लीजचे कागद कुठायत?

"सेक्रेटरींकडे."

आणि सेक्रेटरी?

"ते मुलाकडे अमेरिकेला गेलेत, सहा महिन्यांसाठी. तू जेवलास का?"