झालेल्या पेपराची चर्चा नकोच
परीक्षेच्या काळात घरातला टीव्ही बंद ठेवा, असं एका लेखात वाचलं, ते पटलं. पण आमच्या भांडुपच्या दोन खोल्यांत टीव्हीपेक्षा जास्त त्रास झाला तो फोनचा. गेल्या वर्षी मुलगी दहावीला होती. बीजगणिताचा पेपर देऊन आली, पायातले बूटही काढले नव्हते, तोच तिच्या काकांनी फोनवर एकेक उत्तर तपासायला घेतलं. दोन उत्तरं चुकली म्हटल्यावर पोर दप्तर पोटाशी धरून रडत बसली. भूमितीचं पुस्तक त्या दिवशी उघडलंच नाही. मग ह्यांनी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, शेवटचा पेपर होईपर्यंत चौकशी नको.

पेपर अकराचा असला तरी साडेदहाला केंद्रावर हजर राहावं लागतं. लोकलचा भरवसा नाही, म्हणून एक गाडी आधीची पकडायची.

आणि पालकांनो, एक गोष्ट मुलांना आत्ताच सांगा, निकालानंतर नको. दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, शिवाय जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. माझ्या मुलीला हे माहीतच नव्हतं. वर्ष वाया जाणार म्हणून ती आतल्या आत किती घाबरली होती, ते मला फार उशिरा कळलं.